लिपस्टिक पाम आणि बॉटल पाम जळगावच्या थंडीत जमिनीत टिकतील का?

लिपस्टिक पाम आपल्याकडे जमिनीत लावू नये. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतले ते झाड. त्याला आपला जानेवारी सोसत नाही आणि मे महिन्यातील कोरडी झळ तर त्याहूनही नाही. ‘सवय होते’ असे जे रोपवाटिकेत सांगतात, ते रोप खपवण्यासाठी.

बॉटल पामची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. रावेर तालुक्यातील आमच्या मळ्यात विहिरीजवळ हे झाड आहे. एका हिवाळ्यात पारा सलग काही रात्री ८ अंशांखाली राहिला. केळीची वाढ तिथल्या तिथे थांबली, पामवर मात्र बरेच दिवस काहीच दिसले नाही. मग मधला पोंगा, म्हणजे अजून न उलगडलेले नवे पान, पिवळा पडला आणि चिमटीत धरून ओढताच हातात आला. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचा. आमचे मेहुणे केळीतले जाणकार. “पोंगा सडला, झाड गेले, काढून टाका,” असा निकाल त्यांनी उभ्याउभ्या दिला.

केळीत हे चालते, कारण तिथे कंदाला बाजूने पील, म्हणजे नवे रोप, फुटते. बॉटल पामला पील नाही. वाढीचा कोंब एकच, पण तो सडलेल्या पोंग्याच्या खाली खोडात असतो आणि तो शाबूत असेपर्यंत झाड मेलेले नसते. मी सडका भाग काढून शेंड्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाचे द्रावण ओतले आणि नंतर तिथे पाणी पडू दिले नाही. उन्हाळ्यात नवा पोंगा आला. पहिले पान आखूड, चुरगळलेले, पुढची सरळ. झाड आपोआपच वाचले असते, असे मेहुणे आता म्हणतात. मग खोदायला मजूर कशाला बोलावले होते, हे त्यांनी सांगावे.

तेव्हा बॉटल पाम लावा, पण काळ्या जमिनीत पाणी साचते म्हणून उंचवट्यावर, आणि उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा करून. कडाक्याच्या रात्री विहिरीचे कोमट पाणी केळीप्रमाणे यालाही द्यावे, मात्र बुंध्याशी, शेंड्यावर नव्हे. कोंबच कुजला असेल तर औषधाचा उपयोग होत नाही, आणि ते वारंवार ओतल्यास उरलासुरला शेंडाही जळतो. लिपस्टिक पामची हौसच असेल तर तो कुंडीत ठेवून थंडीत घरात घ्यावा.