नर्सिंगनंतर हेल्थ इन्फॉर्मेटिक्स: आधी केसपेपरची खिडकी

हेल्थ इन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे रुग्णांची माहिती कॉम्प्युटरवर नीट नोंदवण्या-वापरण्याच्या कामात, यायला एमबीए करू की डेटा सायन्स, हा तुझा प्रश्न जरा बाजूला ठेव. तुझं बीएस्सी नर्सिंग झालंय, वॉर्ड तुला कळतो. ही जमेची बाजू फार मोठी आहे. नुसत्या कोडिंगवाल्यांना ते शिकायला वर्षं लागतात.

काही दिवस सकाळी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत केसपेपरच्या खिडकीजवळ थांब आणि नुसतं बघ. मी नवीन असताना एका दवाखान्याच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख सक्तीची केली होती. तारीख माहीत नसलेल्या प्रत्येकाला क्लार्कने १ जानेवारी टाकली, आणि एकाच नावाच्या दोन बायकांचे रिपोर्ट एकमेकींच्या फायलीत गेले. चूक क्लार्कची नव्हती, माझ्या फॉर्मची होती. ते आजही मनाला लागून आहे.

अभ्यासात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आधी पक्कं कर. मग आयसीडी-१० (आजारांचे कोड) आणि एफएचआयआर (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आरोग्याची माहिती पाठवायची ठरलेली पद्धत). स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा कोश भारतात मोफत वापरता येतो, कारण तो चालवणाऱ्या संस्थेचा आपला देश २०१४ पासून सदस्य आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा सँडबॉक्सही आहे, म्हणजे सॉफ्टवेअर जोडून बघायची चाचणीची जागा. १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, सॉफ्टवेअरला कसा जोडतात ते त्यात करून बघ.

पहिली नोकरी इम्प्लिमेंटेशनची, म्हणजे दवाखान्यात सॉफ्टवेअर बसवून ते शिकवायची, मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घे. रात्रपाळीच्या सिस्टरशेजारी बसून तिला एन्ट्री शिकवशील, तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय नडतंय ते तीच तुला दाखवेल.