क्रमशः लिहिताना हातात किती भाग असावेत?

तुमची अडचण अशी, की पाच भाग लिहून झालेत, शेवट डोक्यात आहे; मग दर आठवड्याला एकेक भाग द्यायला लागावं, की सगळी कादंबरी पुरी होईपर्यंत थांबावं?

मी दोन्ही करून पाहिलंय. पाचावर सुरुवात करू नका. पहिल्या खेपेला मी चारच भाग हाताशी ठेवून उडी मारली. तिसऱ्या भागात, केवळ एका विनोदासाठी, नायिकेच्या सासऱ्यांना ठार बहिरं करून टाकलं. चौदाव्या भागात त्यांनीच भिंतीआडची कुजबुज ऐकायला हवी होती, सगळं रहस्य त्यावर! वाचक विसरले असतील म्हटलं. एकही विसरला नव्हता. शेवटी ती कुजबुज ऐकायला एक शेजारीण जन्माला घातली आणि तिचं कूळ-मूळ सांगण्यात दोन भाग गेले.

पण सगळं लिहून ठेवलं की वाचकांचा उपयोग संपतो, हेही खरं. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं ‘पिकविक पेपर्स’ १८३६ साली मासिक हप्त्यांनी निघू लागलं तेव्हा खप जेमतेमच होता. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर हा नोकर आला आणि पुढे खप चाळीस हजारांवर गेला. मग त्याला कथेत भरपूर जागा मिळाली. डिकन्स आधीच सगळं लिहून बसला असता, तर हे जमलं नसतं. (त्याच डिकन्सची शेवटची कादंबरी बारा हप्त्यांची ठरली होती. सहा लिहून १८७० मध्ये तो गेला आणि रहस्य रहस्यच राहिलं.)

म्हणून मी आता निम्मी कथा लिहून झाल्यावरच पहिला भाग देतो. टीव्ही मालिकावाले ज्याला भागांची ‘बँक’ म्हणतात, म्हणजे तयार पण अजून न दिलेल्या भागांची शिल्लक, ती चारच्या खाली जाऊ देत नाही. आजारपण, पाहुणे, कंटाळा, सगळं त्यातून भागतं.

दर भागाच्या शेवटी दारावर टकटक किंवा किंकाळी नको. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा वाचक ओळखून बसतो. त्या भागापुरतं काहीतरी मिटू द्या, एखादं भांडण, एखादी शंका, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघू द्या.

आणि एक वही करा: कोणाचं वय किती, कोणाला काय माहीत, कोण कानाने अधू. माझ्या वहीचं पहिलं पान सासऱ्यांचं आहे.