नऊ वर्षं गोळीविना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांपूर्वी एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, एकही गोळी घेतली नाही, तरी तुझ्या या पेशंट काकांचा सीडी४, म्हणजे हा विषाणू ज्या प्रतिकार-पेशी संपवतो त्यांचा आकडा, ६५० इतका चांगला कसा, असं तू विचारलंस. त्यांना तू म्हणालीस, "तुमचं मनोबल दांडगं आहे." ते वाक्य मागे घे. शेजारच्या बाकावर बसलेल्या ज्याचा सीडी४ तीन वर्षांत ढासळला, त्याचं मन काय कच्चं होतं?

सिडनीची हकीकत सांगते. १९८१ ते १९८४ दरम्यान तिथल्या एका रक्तदात्याचं रक्त आठ जणांना चढवलं गेलं आणि आठही जणांना लागण झाली. पण बहुतेकांचा सीडी४ वर्षानुवर्षं टिकून राहिला. माणसं एकमेकांना परकी, सामाईक होता तो फक्त विषाणू. १९९५ मध्ये उलगडा छापून आला: त्या विषाणूच्या 'नेफ' जनुकाचा तुकडाच गळालेला होता. नेफचं काम नीट समजून घे. लागण झालेली पेशी एचएलए नावाच्या प्रथिनांत विषाणूचे तुकडे धरून बाहेर दाखवते. ते ओळखून मारक टी-पेशी तिला संपवतात. नेफ हे एचएलए पृष्ठभागावरून आत ओढतो, म्हणजे घरात चोर शिरलाय याचा बाहेर सुगावाच लागत नाही. नेफ तुटका असला की हे लपणं नीट जमत नाही.

कधी कारण माणसाच्या बाजूला असतं. एचएलएचे बी५७ किंवा बी२७ हे प्रकार असलेल्यांच्या टी-पेशी विषाणूचा नेमका असा भाग हेरतात, की तो बदलायला जावं तर विषाणूच लंगडा होतो. सीसीआर५ हे पेशीत शिरायला विषाणू वापरतो ते दार; त्यातला विषाणूला अडवणारा डेल्टा३२ हा बदल मुख्यतः युरोपीय वंशात सापडतो. काकांच्या बाबतीत तो आधी डोक्यात आणू नकोस.

सिडनीत पुढे काय झालं, तेही काकांना सांग. दात्याचा आणि आणखी दोघांचा सीडी४ हळूहळू घसरला. दात्याला १९९९ मध्ये औषधं सुरू करावी लागली. लागण झाल्यावर जवळजवळ अठरा वर्षांनी! २०१५ च्या 'स्टार्ट' चाचणीत सीडी४ ५०० च्या वर असतानाच औषधं घेतलेल्यांना गंभीर आजार कमी झाले. म्हणून तर २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ कितीही असो, एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधं, देतात.

"मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" असं ते विचारतील. रागावू नकोस, वेळ दे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, करून घे.

आणि काकूंची तपासणी झाली का, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. ते आधी कळव.

तुझी,
मॅडम