नाशिकहून कॅराव्हॅनने एका दिवसात गंगापूर, वैतरणा, भंडारदरा आणि नांदूरमधमेश्वर होईल का?

होईल, पण खिडकीतूनच. तुम्ही लिहिलंय की सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन लहान मुलं सोबत आहेत, ड्रायव्हरसकट कॅराव्हॅन भाड्याने मिळतेय आणि जानेवारीतला एकच रविवार हातात आहे. मग चारही ठिकाणं कशाला? एवढी मोठी गाडी घ्यायची ती एका पाण्याकाठी सावली बघून लावायला आणि दुपारी आजोबांना आत आडवं होता यावं म्हणून. दिवसभर घाट चढवायचा असेल तर साधी सात सीटर बरी.

भंडारदरा सुंदरच आहे, पण घोटीवरून एका बाजूचेच सत्तरेक किलोमीटर होतात आणि तिथे मुक्काम केल्याशिवाय मजा नाही. वैतरणेचा परिसर पावसाळ्यात पाहावा. गंगापूर धरण तर घरापासून पंधरा किलोमीटरवर, तिथे स्कूटरवरही जाता येतं. जानेवारीत मी डोळे झाकून नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य सांगेन. सगळा रस्ता सपाट आहे आणि गोदावरी फार लांब जात नाही.

संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून नदी ओलांडून सायखेडा आणि पुढे आत चापडगाव. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बंधारा बांधला. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणकणीस (पाण्यातलं उंच गवत) माजलं. धरण म्हणून हे वाईटच, पण पक्ष्यांना नेमकं हेच लागतं. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून याचीच घोषणा झाली. कालव्याला शेतीसाठी पाणी (आवर्तन) सुटलं की पातळी उतरते आणि चिखल उघडा पडतो. मग चिखलात टोचणारे पक्षी जवळ येतात. पाणी भरलेलं असेल तर बदकं जास्त, तीही लांबवर. त्यामुळे निघण्याआधी तिथल्या एखाद्या गाइडला फोन करून पाण्याचं विचारून घ्या. गावातली पोरंच गाइड आहेत, नजर तयार आहे त्यांची. दुर्बीणही मिळते, मुलांसाठी एक वेगळी घ्या, नाहीतर भांडणं ठरलेली.

उजाडताना तिथे पोचायला हवं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेलच, आईंना कानटोपी आणि शाल हवीच. रोहित (फ्लेमिंगो) दिसतील की नाही ते नशिबावर, मुलांना आधीच कबूल करून बसू नका. त्यापेक्षा काठालगतच्या पाणकणसात बघा. जांभळी पाणकोंबडी एका पायात दांडी धरते, चोचीने सोलते आणि आतला गर खाते, अगदी आपण ऊस खातो तशी. हे पाहायला दुर्बीणही लागत नाही. हळदीकुंकू बदक आई स्वतःच शोधून काढतील: काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके.

आता गाडीचं. मालकाला उंची विचाराल तेव्हा वरचा एसी आणि सोलर पॅनेल धरून विचारा. गावातल्या गल्लीत घरांना घेतलेल्या वायरी खाली लोंबतात आणि बाभळीच्या फांद्या टपाला घासतात. हंगाम उसाचा, समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतो आणि तो काही बाजूला होत नाही, तुम्हालाच व्हावं लागतं. तेव्हा चाक डांबराखाली किती उतरवायचं ते जपून ठरवा. शेताला पाणी दिलेलं असेल तर कडेची काळी माती वरून कोरडी दिसते आणि आत लोण्यासारखी असते. जड गाडी त्यात बसली की निघायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. (बोलावला की येतो मात्र लगेच, आणि बहुतेक वेळा चहा पाजूनच सोडतात.)

गाडी चालू असताना पलंगावर कोणी झोपायचं नाही, मुलांनी तर नाहीच. सगळे सीटवर, पट्टा लावून. पाण्याची टाकी घरूनच भरून न्या. एसी बॅटरीवर फार वेळ टिकत नाही, पण जानेवारीत तो लागणारही नाही. आत स्वयंपाकाचा घाट घालू नका, थालीपीठ आणि दही डब्यात न्या. अभयारण्याजवळ गाणी आणि जनरेटर दोन्ही बंद.

दुपारची झोप झाल्यावर परतताना चांदोरीला थांबा. नदीचं पाणी उतरलेलं असेल तर पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडलेली दिसतात. आजोबांना पायऱ्या जमणार नसतील तर वरूनच बघू द्या.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच मालकाशी बोलून घ्या: शौचालयाची टाकी रिकामी कुठे करायची आणि ती कोण करणार. ‘वाटेत कुठेतरी सोडून द्या’ असं उत्तर आलं तर दुसरी गाडी बघा.