प्रस्तावनेत मोतिहारी कशाला?

प्रश्न : मी एम. ए. (मराठी)च्या पहिल्या वर्षात शिकते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या डिस्टोपियन, म्हणजे भयावह भविष्य रंगवणाऱ्या, कादंबरीवर निबंध लिहिला आहे. त्याची सुरुवात अशी : ‘थोर इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये मोतिहारी येथे झाला. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ही कादंबरी आजही तितकीच प्रासंगिक आहे. हुकूमशाही, पाळत, भाषा आणि इतिहास या मुद्द्यांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.’ मार्गदर्शकांनी ‘प्रस्तावना पोकळ’ एवढाच शेरा मारला आहे. पूर्ण निबंध सोबत जोडला आहे. नेमके काय बदलावे?

उत्तर : शेरा कठोर असला तरी गैर नाही. तुमच्या तीन वाक्यांत चूक एकही नाही. परंतु कादंबरी न उघडताही ती लिहिता आली असती, आणि ‘प्रासंगिक’ हे विशेषण तर कोणत्याही कादंबरीला चिकटवता येते. बिहारमधल्या मोतिहारीचा मोह मला समजतो, कारण परक्या लेखकाचे आपल्या मातीशी नाते सापडले की ते सांगितल्यावाचून आपल्याला राहवत नाही. पण ऑर्वेल अगदी लहान असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेले, आणि तुमच्या पुढच्या आठ पानांत त्या जन्मस्थळाचा कोठेही उपयोग झालेला नाही. चरित्रातले काही हवेच असेल, तर १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी बीबीसीत हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार केले, ही गोष्ट अधिक कामाची आहे. युद्धकाळातील प्रचाराचे काम त्यांनी आतून पाहिले होते.

तुमचा खरा विषयही तोच आहे, पण तो तुम्ही पाचव्या पानावर लपवून ठेवला आहे. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारच्या सत्य मंत्रालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर बदलतो, हे सांगून तुम्ही ओघात लिहून जाता : ‘विन्स्टनला या कामात गोडी वाटते, हे विसरून चालणार नाही.’ या वाक्यापाशी मी थांबलो. विन्स्टनकडे आपण सहसा बळी किंवा बंडखोर म्हणून पाहतो. पण चॉकलेटचा शिधा ३० ग्रॅमवरून २० वर येणार हे ठरल्यावर, ‘कपात होणार नाही’ हे जुने वचन काढून त्या जागी कपातीच्या शक्यतेचा इशारा घालणारा विन्स्टनच असतो. पुढे शिधा २० ग्रॅमपर्यंत ‘वाढवल्याबद्दल’ लोक आभार मानतात, तेव्हा आपल्याखेरीज कोणालाच काही आठवत नाही की काय, असा प्रश्नही त्यालाच पडतो. निबंध इथून सुरू व्हायला हवा. नमुन्यादाखल :

‘विन्स्टन स्मिथ चॉकलेटच्या शिध्याबाबतचे सरकारी वचन जुन्या अंकातून पुसतो आणि त्या जागी कपातीचा इशारा लिहितो. या कामात त्याला एखाद्या कारागिरासारखा आनंद मिळतो. सत्तेचा मनातून द्वेष करणारा माणूसच तिची खोटी कागदपत्रे उत्तम रीतीने तयार करतो, हा अंतर्विरोध “नाइन्टीन एटी-फोर”च्या केंद्रस्थानी आहे. विन्स्टनचा पराभव त्याच्या अटकेच्या कितीतरी आधी, कचेरीतल्या मेजावरच सुरू झालेला असतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.’

हे जसेच्या तसे उतरवू नका. शब्द तुमचेच असू द्या. पाहायचे ते एवढेच, की या शेवटच्या वाक्याशी कोणी असहमत होऊ शकतो. विन्स्टन चोरून रोजनिशी लिहितो, मग तो पराभूत कसा, असे विचारता येते, आणि त्या आक्षेपाला उत्तर देण्यातून तुमचा दुसरा परिच्छेद आपोआप उभा राहतो. ‘आढावा घेतला आहे’ या वाक्याशी मात्र कोणीच भांडू शकत नाही.

एक अवघड सूचना उरते. टेलिस्क्रीनविषयीची, म्हणजे माणसांवर पाळत ठेवणाऱ्या पडद्याविषयीची, तुमची अडीच पाने चांगली उतरली आहेत, आणि ती गाळणे जिवावर येईल. परंतु नव्या प्रस्तावनेतून ‘पाळत’ हा शब्दच गेला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.