कॅनडाचा अँड्र्यू मॅकनॉटन नक्की कोण होता? काश्मीरच्या संदर्भात नाव वाचलं

हो तोच, डिसेंबर १९४९ मध्ये सुरक्षा परिषदेचा अध्यक्ष असताना काश्मीरमधून सैन्य कमी करायचा प्रस्ताव मांडणारा, जो भारताला काही पटला नाही. पण माणूस मुळात तोफखान्याचा. त्याआधी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या महायुद्धात, १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जखमी झाला, परत आला, आणि १९१७ मध्ये कॅनेडियन कोअरमध्ये (आघाडीवरचं कॅनडाचं सैन्य) शत्रूच्या तोफा शोधून उडवायचं काम त्याच्याकडे आलं. आता डोंगरामागे लपलेली तोफ दिसणार कशी? तर याने मायक्रोफोन ओळीने लावले, आवाज कुठल्या माईकवर किती उशिरा पोचतो ते सेकंदाच्या अंशात मोजायचं आणि त्यावरून गणित करून जागा काढायची. बऱ्याच जुन्या अधिकाऱ्यांना हे थोतांड वाटायचं म्हणे. ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमी रिज या टेकडीवर कॅनेडियन सैन्याचा हल्ला झाला तेव्हा जर्मनांच्या ८० टक्क्यांहून जास्त तोफांचा पत्ता आधीच लागलेला होता! डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं, युद्ध संपताना ३१ व्या वर्षी ब्रिगेडियर जनरल.

पुढे लष्करप्रमुख झाला, दुसऱ्या महायुद्धात फर्स्ट कॅनेडियन आर्मीचा कमांडर, पण ब्रिटिशांशी आणि स्वतःच्याच संरक्षणमंत्र्याशी जमेना म्हणून १९४३ च्या शेवटी पद सोडलं. मग १९४४ ला स्वतःच संरक्षणमंत्री, आणि पोटनिवडणुकीत आपटला. राजकारण त्याचा प्रांतच नव्हता, माझं मत.