नाशिकच्या आमच्या बास्केटबॉल क्लबच्या निवडीत उंच सेंटरचा (रिंगजवळ खेळणाऱ्या खेळाडूचा) बचाव कसा पारखावा? ब्लॉक (हाताने अडवलेले शॉट) मोजले की पुरे का?

नाही, ब्लॉक मोजून निम्मंच कळतं. तो रिंगजवळ असताना समोरचे किती शॉट चुकतात आणि किती जण आत घुसायचंच टाळतात, ते बघा. मुलांना शिकवताना मी आणखी दोन गोष्टी पाहतो: हात सरळ वर ठेवून उडी मारतो का (नाहीतर फाउल लागतात, आणि पाच झाले की बाहेरच), आणि शॉट चुकल्यावर आधी समोरच्या संघातल्या आपल्या वाट्याच्या खेळाडूला अडवतो की नुसता बॉलकडे बघत राहतो. नुसतं बॉलकडे बघत राहणं फार जणांचं होतं. कमजोरी शोधायची तर लांबून शॉट मारणारा सेंटर समोर द्या, म्हणजे पाय किती हलतात ते दिसेल. मात्र एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची) फूटपट्टी लावू नका: तिथे कोणाला अडवत नसताना रिंगखालच्या भागात थांबायला बचावालाही तीन सेकंदांची मर्यादा आहे, आपल्याकडच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत बचावाला ती नाही. त्यामुळे संथ पण उंच मुलगाही रिंगखाली ठाण मांडून उपयोगी पडतो.